कोकराच्या मापाचं औषध

रादोयच्या घरी फ्रीज उघडला की दारातल्या खणात दह्याच्या बरणीशेजारी एक बाटली दिसायची. आत दुधासारखं पांढरं औषध आणि बाहेर कागदावर मेंढीचं चित्र. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही कळावं की हे कोणासाठी आहे. आणि रादोयला तर चांगलं वाचता येत होतं.

पण एकदा अनुभव आला की माणूस बाटलीवरचं वाचत नाही. कोकरू खोकायला लागलं की रादोय सुई भरायचा, मांडीत टोचायचा, आणि जनावर पुन्हा उड्या मारायला लागायचं. जन्मभर हेच पाहिलेलं. मग आदल्या हिवाळ्यात त्याची नात बिस्त्रा तापानं फणफणली आणि खाली शहरात जायचा रस्ता बर्फानं बंद झाला, तेव्हा या गृहस्थानं काय करावं? नातीला कडेवर घेऊन मेंढ्या तोलायच्या काट्यावर उभा राहिला, त्यातून स्वतःचं वजन वजा केलं आणि कोकराच्या मापानं औषध भरलं. पोरगी बरी झाली. खरं तर तो ताप औषधावाचूनच गेला असता. पण हे रादोयला सांगणार कोण? त्यानं गावच्या खानावळीत टेबलावर थाप मारून सांगितलं, "डॉक्टर कशाला हवा? मेंढी काय आणि माणूस काय, आत रक्त लालच असतं!"

खानावळीत बोललेलं डोंगर उतरून जायला वेळ लागत नाही. ते सरहद्द ओलांडून ग्रीसमध्ये नेवेनाच्या कानावर गेलं. नेवेना म्हणजे रादोयची लेक, बिस्त्राची आई. नवऱ्यानं केव्हाच दुसरीकडे संसार थाटलेला, म्हणून पोरीला आपल्या बापाच्या हवाली करून ती तिथल्या क्सांथी शहरातल्या एका हॉटेलात चादरी बदलायची. त्याच दिवशी तिचा फोन आला.

"बाबा, पोरगी आहे ती! मेंढी नाही!"

"अगं, बरी झाली की नाही?"

"ते मला सांगू नका. पुन्हा तिला ती सुई लावल्याचं कळलं ना, तर त्या दिवशी येऊन तिला घेऊन जाईन. मग बसा मेंढ्यांशी गप्पा मारत."

रादोय "बरं, बरं" म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र त्यानं आत डोकावून पोरगी घरात आहे ना ते पाहिलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आवाज म्हणून जो काय होता तो या पोरीचाच होता.

आणि पोरगी तरी कशी! आमच्या रोडोपीच्या डोंगरात कळप कानांनी राखतात. धुकं उतरलं की डोळ्यांचं काय लोणचं घालायचं? म्हणून प्रत्येक मेंढीच्या गळ्यात घंटा, आणि त्या घंटाही बाजारातून अशाच उचललेल्या नव्हेत. एकीशी एक सूर जुळवून घेतलेल्या, बापाकडून मुलाकडे आलेल्या. चांगल्या धनगराला घंटेवरून कळतं की कोण चरतंय, कोण लंगडतंय, कोण कड्याच्या टोकाला गेलंय. रादोयला हे कळायला अर्धं आयुष्य गेलं. बिस्त्राला शाळेत जायच्या आधीच कळायला लागलं.

दोघांचा एक खेळ होता. बिस्त्रा भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. रादोय खुंटीवरची एक घंटा काढून हळूच हलवायचा, आणि ती कोणत्या मेंढीची ते तिनं नाव घेऊन सांगायचं.

"वाकला!"

"ही?"

"सिव्का. सोपं नको ना देऊस, आबा."

"बरं, आता सांग."

"बेल्का. पण हिच्या घंटेला काहीतरी झालंय. रडक्या आवाजात वाजतेय."

रादोयनं घंटा उन्हात धरून पाहिली तर काठाला केसाएवढी चीर. त्या दिवशी तो म्हातारा अंगणात अक्षरशः नाचला. त्याचा एक मुलगा लहानपणीच वारलेला, लेक परदेशात. आपल्यामागे या घंटा भंगारात जाणार असं धरून बसलेल्या माणसाला देवानं ही पोरगी दिली होती. येत्या गेओर्ग संताच्या सणाला, कळप वरच्या कुरणाला निघतो तेव्हा, पुढारी मेंढीच्या गळ्यात कोणती घंटा बांधायची हे बिस्त्रा ठरवणार, असं त्यानं सगळ्या गावाला सांगून ठेवलं.

मार्चमध्ये बिस्त्राला थंडी वाजून ताप आला. पाठ दुखते म्हणाली. बाहेर पुन्हा बर्फ. रादोयनं लिंडनच्या फुलांचा काढा दिला, मध दिला. ताप हटेना. त्यानं फ्रीज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. लेकीचे शब्द आठवले. पण पोरगी आत कण्हत होती, आणि ज्याच्या हाताशी उपाय आहे त्याला गप्प बसवत नाही.

"आईला सांगायचं नाही हं," तो सुई भरताना म्हणाला.

"नाही सांगणार," बिस्त्रा म्हणाली. "अक्रोडाचा मुरंबा दे मग."

या वेळी मात्र ताप उतरला नाही. रादोयला वाटलं, माप कमी पडतंय. पोर वर्षभरात वाढली की! त्यानं दुसऱ्या दिवशी जास्त भरलं, नंतर त्याहून जास्त. शेवटी पोरीची शुद्ध हरपायला लागली तेव्हा शेजारच्यानं जीपला साखळ्या बांधल्या, तिला घोंगडीत गुंडाळून शहरातल्या इस्पितळात पोचवलं, आणि निघतानाच नेवेनाला फोन केला. घाटात जीप इतक्या वेळा अडली की हे पोचले तेव्हा नेवेना दारात उभीच होती.

मुलांच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर इल्चेवा म्हणजे बसक्या आवाजाची, कडक बाई. शहरभर तिचं नाव 'चिक्कू डॉक्टरीण'. सर्दी झालेलं मूल घेऊन अँटिबायोटिक मागायला येणाऱ्या आयांना ती काढा प्यायला सांगून परत पाठवायची, आणि त्या बाहेर येऊन म्हणायच्या, "हिच्या बापाच्या आहेत का गोळ्या?" मग जायच्या ओळखीच्या दुकानात, नाहीतर शेजारणीकडची उरलेली बाटली आणायच्या. त्यामुळे व्हायचं ते झालं होतं. साध्या औषधांना इथले जंतू दाद देईनासे झाले होते.

बिस्त्राला तपासून डॉक्टर बाहेर आली. रादोय आणि नेवेना बाकावर शेजारी बसले होते.

"मूत्रपिंडात संसर्ग झालाय, आणि तो रक्तात उतरलाय," ती म्हणाली. "जोरकस औषध आत्ताच्या आत्ता सुरू करायला हवं. कोणतं करायचं ते ठरवायच्या आधी मला नीट सांगा. घरी हिला काय काय दिलंत? गोळी, इंजेक्शन, काहीही. मी रागावणार नाही."

रादोयनं तोंड उघडलं. नेवेनानं त्याच्याकडे पाहिलं. प्रवासानं तिचे डोळे लाल झाले होते, आणि तिच्या मांडीवर बिस्त्राचा कोट होता, तो तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"काढा," रादोय म्हणाला. "लिंडनचा. आणि मध."

"इंजेक्शन काही नाही?"

"छे. मला कुठलं येतंय?"

अरे म्हाताऱ्या! ज्या जिभेनं खानावळ डोक्यावर घेतली ती जीभ त्या दिवशी कुठे गेली होती? पण तो मूग गिळून बसला. नंतर सांगू, असं त्यानं मनाशी म्हटलं. लेक जरा बाजूला गेली की सांगू. तेवढ्यात डॉक्टर आत गेली, दार बंद झालं, आणि सलाईनची बाटली टांगली गेली.

औषध लागू पडलं. ताप उतरला. बिस्त्रा उशीला टेकून बसायला लागली, दही मागायला लागली. नेवेनानं डॉक्टरच्या हाताचा मुका घेतला तेव्हा कडक बाईसुद्धा क्षणभर गडबडली. "अजून थोडे दिवस औषध चालू ठेवू," डॉक्टर म्हणाली. "घाईनं बंद केलं तर उलटतं." हॉटेलच्या मालकाचे फोनवर फोन येत होते. शेवटी नेवेना बापाला सगळं समजावून क्सांथीला परत गेली.

लेक गेली. आता सांगायला काय हरकत होती? पण पोरगी हसत होती. चालत्या घड्याळात बोट कशाला घालायचं, असं रादोयला वाटलं. जे झालं ते झालं, भलंच झालं. तो दिवसभर नातीच्या उशाशी बसून मेंढ्यांच्या गोष्टी सांगायचा.

एका दुपारी बिस्त्रा एकदम गप्प झाली. मान तिरकी करून ऐकत राहिली.

"आबा, घंटा वाजतेय."

"कुठं गं?"

"खूप लांब. बारीक. ऐक ना."

रादोयनं कान दिला. खाली रस्त्यावर एक ट्रक गुरगुरत होता, बाकी काही नाही. पण त्याला भरून आलं. घरापासून एवढी लांब, औषधांच्या वासात पडलेली पोर, आणि तिच्या कानात कळप वाजतोय! धनगराचं रक्त म्हणतात ते हेच.

"कोणाची आहे? ओळख बघू."

"कोणाचीच नाही. थांबतच नाहीये ती."

"वाकलाची असेल. तुला बोलावतेय. म्हणतेय, बाई, लवकर ये, तुझा आबा आम्हाला नीट चारत नाही."

बिस्त्रा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स गिंका सलाईन बदलायला आली. ती रोज विचारायची तेच तिनं विचारलं, "काय गं सोनुले, चक्कर वगैरे? कानात काही वाजतंय का?"

बिस्त्रा मुरंबा खात होती. तिच्याऐवजी रादोयच बोलला. मूड चांगला होता त्याचा. "आमच्या खानदानाच्या कानात सदाचीच घंटा वाजते, बाई! धनगर आहोत आम्ही. वाजायची थांबली तर डॉक्टरला बोलवा."

गिंका खळखळून हसली. "आजोबा, तुमच्या तोंडाला टाळंच नाही," म्हणाली, आणि पुढच्या खाटेकडे गेली.

त्यानंतर एके सकाळी बिस्त्रा खाटेवरून उतरली आणि दारू प्यायल्यासारखी भिंतीवर जाऊन आदळली. रादोयनं धावत जाऊन तिला धरलं. "लागलं का? बिस्त्रा? लागलं का गं?" ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, जरुरीपेक्षा कितीतरी मोठ्यानं, "आबा, कुजबुजतोस कशाला? मोठ्यानं बोल ना!"

डॉक्टर इल्चेवा आली. बिस्त्राच्या पाठीमागे उभी राहून तिनं टाळी वाजवली. मग स्टीलचा ट्रे फरशीवर टाकला. शेजारच्या खोलीतलं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. बिस्त्रा खिडकीबाहेर बघत राहिली. डॉक्टरनं स्वतःच्या हातानं सलाईन बंद केलं.

"एवढ्या लवकर असं व्हायला नको," ती स्वतःशीच म्हणाली. "माप बरोबर होतं. मी स्वतः काढलं होतं." मग ती रादोयकडे वळली. त्याचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं.

रादोयनं तिथेच, खाटेच्या पायथ्याशी, सगळं सांगितलं. बाटली, मेंढीचं चित्र, कोकराचं माप, वाढवलेलं माप. लेकीच्या धमकीचं आणि घंटेचंही सांगितलं. सांगताना तो डॉक्टरकडे बघत नव्हता, बिस्त्राच्या पायांकडे बघत होता. बिस्त्राला यातलं काही ऐकू येत नव्हतं.

डॉक्टर खुर्चीवर बसली.

"तुमच्या बाटलीतलं औषध आणि माझं औषध भाऊभाऊ आहेत, आजोबा," ती म्हणाली. "दोघांची खोड एकच, कानावर जातात. मला माहीत असतं तर मी याला हात लावला नसता. दुसरं औषध होतं माझ्याकडे. आणि घंटा वाजतेय हे कळलं असतं तरी त्याच दिवशी बंद केलं असतं. तेव्हा कदाचित थोडं वाचलं असतं."

"आता येईल परत?"

"नाही."

"माझे कान घ्या," रादोय म्हणाला. "काढून घालता येत असतील तर घ्या, डॉक्टरीणबाई. माझं ऐकून झालंय सगळं."

डॉक्टरनं चष्मा काढून डोळे पुसले. "मीही तुम्हाला लेकीसमोर विचारलं," ती म्हणाली. "बाजूला नेऊन विचारायला हवं होतं. एवढं मला कळायला पाहिजे होतं."

नेवेना आली. रादोयनं तिला जिन्यात गाठून सांगितलं. तो थप्पड खायच्या तयारीनंच उभा होता. खाल्ली असती तर बरं वाटलं असतं त्याला. पण नेवेना पायरीवर बसली आणि कठड्याला डोकं टेकलं.

"चार शब्द ऐकवले असते तुम्हाला, बाबा," ती म्हणाली. "एवढंच केलं असतं मी. नेते नेते म्हणत होते, कुठं नेणार होते मी तिला? हॉटेलच्या तळघरात झोपते मी. नुसते चार शब्द ऐकवले असते."

रादोय तिच्या खालच्या पायरीवर बसला.

गेओर्ग संताचा सण आला. डोंगर हिरवा झाला होता, घरोघरी कोकरू भाजायचा वास सुटला होता. नेवेनानं नोकरी सोडली होती. सणाच्या दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन राजधानीला निघणार होती. तिथे बहिऱ्या मुलांची शाळा होती, आणि कानात यंत्र बसवणारे डॉक्टर होते. यंत्रानं बोलणं कळायला लागेल म्हणत होते. सुराचं कोणी काही बोलत नव्हतं, आणि रादोयनंही विचारलं नाही.

सकाळी तो गोठ्यात गेला. आमच्याकडे घरात मयत झालं की त्या वर्षी कळपाच्या घंटांत लोकर कोंबतात. कळप मुका होऊन डोंगर चढतो, आणि लोकांना न सांगता कळतं. रादोयच्या घरी कोणी मेलं नव्हतं. तरी तो खाली बसला आणि एकेका घंटेत लोकर कोंबायला लागला. वाकलाची झाली, सिव्काची झाली. बेल्काची ती चिरलेली घंटा हातात घेतली तेव्हा दारात सावली पडली.

बिस्त्रा भिंतीला हात लावत आत आली. अजून तिचा तोल सावरला नव्हता, आणि समोरच्याचं बोलणं ती त्याच्या ओठांवरूनच ओळखायची. तिनं घंटांकडे पाहिलं, आबाकडे पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवले.

"वेडा आहेस का तू?" ती तिच्या नव्या, वेड्यावाकड्या मोठ्या आवाजात ओरडली. "धुक्यात हरवतील ना त्या! मला नाही ऐकू येत. तुला येतं ना?"

ती त्याच्यासमोर फतकल मारून बसली आणि बोटानं लोकर उपसून काढायला लागली. सगळ्या घंटा मोकळ्या झाल्यावर तिनं त्याच्या खांद्याला धरून त्याला वळवलं, भिंतीकडे.

"आज तू ओळखायचं. बघायचं नाही हं. लबाडी नाही."

रादोय भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागे घंटा वाजली. खणखणीत, स्वच्छ.

"वाकला," तो म्हणाला.

घंटा पुन्हा वाजली. तीच.

"वाकला, बाई. वाकला."

"सांग ना, आबा!"

"वाकला!" तो भिंतीवर ओरडला. इतक्या जोरानं की गोठ्यातल्या मेंढ्या दचकून एकमेकींवर चढल्या.

"बोल ना रे," मागून बिस्त्रा म्हणत होती. घंटा तशीच हलवत होती. "सोपी तर दिलीय. बोलत का नाहीस?"

रादोयला वळून तिला तोंड दाखवावं लागलं.